राखवाले उत्तमभाऊ

परवा मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळाल्याची बातमी आली तेव्हा परभणीच्या स्टेशन रोडवर निळा गुलाल एवढा उधळला होता की माझी पांढरी चप्पल अजून निळी आहे. सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते आणि मी त्या गर्दीत वेड्यासारखी एकच माणूस शोधत होते. उंच, काटकुळा, भुवयांवर पांढुरकी पूड असलेला. नाही दिसला. घरी आले आणि लिहायलाच बसले, कारण आत्ता नाही लिहिलं तर राहून जाईल.

त्या माणसाची, उत्तमभाऊंची, गोष्ट एसटीतूनच सुरू करावी लागेल. मी नुकतीच डी.एड. होऊन सोनपेठच्या शाळेवर रुजू व्हायला निघाले होते. ट्रंक, वळकटी, स्टोव्ह आणि गच्च भरलेली गाडी. गंगाखेडला हे चढले. छातीशी धरलेलं गाठोडं, तेही पांढऱ्या फडक्यात बांधलेलं. कंडक्टर म्हणाला, "ह्यात काय हाय?"

"राख."

"कोणाची?"

गाडी एकदम गप्प झाली. रडणारं लेकरूही थांबलं. ह्यांनी मान खाली घातली आणि अगदी जड आवाजात सांगितलं, "लय मोठा होता. अख्ख्या मराठवाड्याला उजेड द्यायचा."

मग काय! माझ्या शेजारी बसलेल्या दोन बायका उठून मागं सरकल्या, एका म्हाताऱ्यानं टोपी काढली, आणि जिथं उभं राहायला जागा नव्हती तिथं ह्यांना ऐसपैस खिडकी मिळाली. गाडी सुटल्यावर माझ्याकडं वाकून म्हणाले, "घाबरू नका, बाई. कोळशाची हाय. परळीच्या वीजघराची." आणि भुवया झटकून एवढे हसले की थोडी राख माझ्या वळकटीवर पडली.

सोनपेठला मला खोली मिळाली ती मारोतराव मालकांच्या घरात. मारोतराव म्हणजे गंगेच्या काठावरच्या वीटभट्टीचे मालक. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. आणि गंमत बघा, माझ्या खिडकीच्या बरोब्बर समोर, रस्त्याच्या पलीकडं, उत्तमभाऊंचं विटांचं आवार! म्हणजे घरात भट्टीवाला आणि खिडकीत राखवाला. दोन्हीकडचं मला फुकट ऐकायला मिळायचं.

भाऊंची वीट भाजत नव्हती. हेच तर सगळं होतं. राख, चुना आणि वाळू कालवून हाताच्या मशीनमध्ये घालायची, लांब दांड्याला दोघांनी लोंबकळायचं, की खालून गुळगुळीत करडी वीट वर यायची. भट्टी नाही, लाकूड नाही, धूर नाही. अट एकच. तीन आठवडे तिला सारखं पाणी पाजायचं. सुकली की मेली. चुना आणि राख पाण्यातच एकमेकांना धरतात, ओल गेली की धरणं थांबतं.

"भाजलेलं चटकन होतंय, बाई. मुरलेलं टिकतंय. लोणचं बगा," असं ते म्हणायचे. आणि कामावरच्या माणसांना दिवसभर एकच ओरडणं, "पाज तिला! तानी हाय ती! पाणी पाज!" विडीचं थोटूक विटांच्या ढिगाजवळ दिसलं तरी शिव्या. दुपारच्या उन्हात कुणाच्या हातात झारी नसली तरी शिव्या. रागीट माणूस होता, उगीच गोड करून कशाला सांगू?

पण ओरडून झालं की स्वतःच झारी घ्यायचे. आणि मग बोलणं सुरू. "मारोतरावांची भट्टी एकदा पेटली का गंगाकाठच्या बाभळी गेल्या समजा. वरून रानातला पोयटा गेला. झाड बी जाळायचं, माती बी जाळायची, आन धूर लेकराच्या छातीत. तिकडं परळीला राखंचे डोंगर पडलेत, वारा सुटला का लोकांच्या भाकरीवर येती. आता सांगा, ही अक्कल कुणाची?"

मी भारावून एकदा म्हणाले, "भाऊ, केवढी मोठी समाजसेवा करताय तुम्ही!" तर असे भडकले! "समाजसेवा कामून? मी धंदेवाला हाय. मला धंदा वाढवायचाय. सेलूला एक मशीन, पाथरीला एक, जिंतूर, वसमत, हिंगोली..." बोटं संपली की दुसऱ्या हातावर. "सेवा एका गावात होती, बाई. धंदा जिल्हाभर होतो. ह्या भट्ट्या धंद्यानंच बंद पडतील, भाषणानं न्हाई."

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम विटेचा एक तुकडा असायचा. वहिनींनी, म्हणजे सुलोचनावहिनींनी, सगळ्या शर्टांचे खिसे दोनदोनदा शिवले होते तरी ते लोंबायचेच. हा तुकडा कशासाठी? तर स्टँडजवळच्या हॉटेलात. त्या हॉटेलात दलित वस्तीतल्या माणसांचे ग्लास तेव्हा बाहेरच्या फळीवर वेगळे ठेवलेले असायचे. आता कुणी म्हणेल, एवढ्यात कुठं होतं असलं? होतं. मी पाहिलंय. भाऊ त्या फळीवरचा ग्लास घ्यायचे, चहा ओतून घ्यायचे आणि त्यात विटेचा तुकडा टाकून चार लोक जमेपर्यंत उभे राहायचे.

"विरघळली का? बगा, विरघळली का?" आणि मग तुकडा काढून, पुसून खिशात, आणि चहा पोटात.

हॉटेलवाला एकदा वैतागला. "भाऊ, तुमी इटा घालता, ग्लास खराब होतो."

"मंग माझा ग्लास वेगळा ठेवा की," भाऊ म्हणाले. मग फळीकडं बघून, "हां. वेगळाच हाय व्हय."

लोक हसले. मग हसता हसता एकेकाचं हसू थांबलं. भाऊ मात्र शांतपणे चहा पीत होते.

अठ्ठ्याहत्तर सालाबद्दल ते एकदाच बोलले. मी विचारलं नव्हतं, मशीनला ग्रीस लावता लावता आपणहून बोलले. "आमच्या घराला भिताडं नव्हती, बाई. तुराट्याचा कूड, वरून शेणाचा पोतारा. तुरीची वाळकी काडी ती. पेटायला काय लागतंय? नामांतराच्या दंग्यात आमचं आन गिरजामावशीचं एकदमच गेलं, कूडाला कूड लागून होता." ते तेव्हा सरकारी ओव्हरसीअर होते, परगावी. परत आले ते नोकरी सोडूनच. मग बोटाचं ग्रीस चिंधीला पुसत राहिले, पुसून झालं तरी.

ह्या गिरजामावशी म्हणजे भाऊंच्या कामावरची सगळ्यांत जुनी बाई. त्याआधी सारा जन्म भट्टीवर गेलेला, विटा थापण्यात आणि वाहण्यात. भाऊंना त्या एकट्याच अरेतुरे करायच्या. त्यांचं नवं घरही पुन्हा तुराट्यांचंच होतं, वर पत्र्याची ठिगळं. आणि नामांतराची काही बातमी आली, मोर्चा निघाला, की ती वस्ती कशी बसायची ते मी पाहिलंय. दारात पाण्याच्या घागरी भरून ठेवून. इकडं आमच्या घरात मारोतराव जेवताना म्हणायचे, "होऊ द्या नामांतर, मंग बगू." आणि माझा घास तोंडातच फिरायचा.

तर त्या वस्तीला नऊ घरकुलं मंजूर झाली आणि भिंतींचं काम भाऊंना मिळालं. मृगाच्या आधी घरं उभी पाहिजेत. त्याच सुमाराला सेलूच्या एका जिनिंगच्या मालकांनी, झुंबरशेठनी, शब्द दिला. "मला राखेची घरं उभी दाखवा. पटली तर कापसाचं नवं गोदाम तुमच्याच विटेत. आणि मशीन सेलूला लावायला जागा माझी." बास! भाऊ आठवडाभर जमिनीवर नव्हते. एक गोदाम म्हणजे सेलू. सेलू म्हणजे रेल्वे. रेल्वे म्हणजे जिल्हा!

घरकुलांच्या विटा नुकत्या काढून झाल्या होत्या, तेवढ्यात भाऊ सगळं पक्कं करायला म्हणून सेलूला गेले आणि तिथून तापानं फणफणून परभणीच्या दवाखान्यात. टायफाईड. वहिनी दोन्ही मुली घेऊन तिकडंच गेल्या. मीही तेव्हा परीक्षेच्या कामाला पाथरीला होते. म्हणजे बघा, आवारात ना भाऊ, ना वहिनी, ना समोरच्या खिडकीत मी.

भाऊ परतले त्याच दिवशी मीही आले होते. आधीच काटकुळा माणूस, आता नुसता शर्टच चालत आल्यासारखा. वहिनी म्हणत होत्या, घरी चला, पडा. पण ते थेट आवारात. गिरजामावशी धावत आल्या, त्यांच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि डोळे पुसत म्हणाल्या,

"तू व्हतास न्हाई, आन आभाळ आलं रे भाऊ! गारा पडल्या, हे एवढ्या एवढ्या! पण म्या तुझी येक ईट भिजू दिली न्हाई."

भाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले.

"उसाचं पाचट टाकलं, वर मेणकापड टाकलं. आमी बाया आंगावर गारा घेत उभ्या ऱ्हायलो, पण ढिगाला थेंब लागू दिला न्हाई."

"आन मंग?" भाऊंनी हळू विचारलं.

"मंग काय? झाकूनच ठिवल्या. काय भरवसा आभाळाचा? पार खडखडीत वाळल्यात. चाँदमिस्त्रीनं चार घरं वरपतोर आणलीत, चल, दावते!"

तुम्हाला कळतंय ना? ही सगळी जन्मभर भट्टीवर हाडं झिजवलेली माणसं. कच्च्या विटेला पाणी लागलं की चिखल, हे त्यांच्या डोक्यात नाही, हातात होतं. भाऊ समोर असेपर्यंत, त्यांचा धाक म्हणून, झारी फिरायची. भाऊ गेले, आभाळ भरून आलं, आणि सगळ्यांचे हात आपोआप जे वाचवायचं तेच वाचवायला धावले. मायेनं. गारा खात!

मला वाटलं, आता हा माणूस फुटणार. थोटकासाठी आकाशपाताळ एक करणारा माणूस. पण ते खाली बसले आणि शांतपणे म्हणाले, "मिस्त्रींना बोलवा."

चाँदमिस्त्री थापी घेऊनच आला. जुना गवंडी, कामात एकदम चोख. मान खाली घालून म्हणाला, "मेरेकू जरा हलकी लगी, भाऊ. पन मावशी बोली, भाऊचा माल हाय, तपासायचा न्हाई." आणि त्यानं एका विटेच्या कोपऱ्यावर थापी मारली. जोरात नाही. कोपरा नानकटाईसारखा गळून पडला.

"आता पाणी घालूया की," मी मध्येच बोलले. "भिंतींवरच घालूया, आजपासून!"

"बाई, भात अर्धा शिजवून उतरवला, चार दिवसांनी पुन्हा चुलीवर ठेवला, तर भात होतो का?" भाऊ म्हणाले. मग मावशींकडं वळले. त्या बिचाऱ्या अजून काही न कळून एकदा ह्यांच्याकडं, एकदा त्या तुटक्या कोपऱ्याकडं बघत होत्या. "मावशी, तुमचं काय चुकलं न्हाई. मी पाणी घाला म्हणून वरडत ऱ्हायलो. कामून घालायचं ते एकदा बी बसून सांगितलं न्हाई."

आणि उठता उठता म्हणाले, "चारी घरं पाडायची."

मिस्त्रीनं त्यांना बाजूला घेतलं. "भाऊ, परवा शेठ येतायत. दोन दिन रुको. शेठ देखके जाने दो, फिर तोडो. कुणाला काय कळतंय?"

मी खरं सांगते, मलाही तेच पटलं. वहिनीही म्हणाल्या, "दोन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय? सेलू हातचं जाईल." भाऊ दिवसभर त्या चार घरांच्या मधोमध बसून होते. मी दोनदा चहा नेला, दोन्हीदा तसाच गार झाला. वस्तीतली माणसं लांबून बघत होती. तिकडं मावशींनी तर त्यांच्या त्या बिनछपराच्या घरात चूल मांडून भाकरीसुद्धा टाकल्या होत्या, मुहूर्त म्हणून! दुसऱ्या दिवशी वर पत्रे चढायचे होते.

संध्याकाळी भाऊ उठले, मिस्त्रीला एवढंच म्हणाले, "इथलं पडलं तर इथं पडंल. शेठ हे बगून सेलूला बांधणार, तिथलं बगून जिंतूरवाला बांधणार. मंग किती ठिकाणी पडंल, मिस्त्री?"

सकाळी सब्बल, म्हणजे पहार, घेऊन आले. टायफाईडनं पोखरलेला माणूस, सब्बल नीट उचलेना, पण दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात. मग चाँदमिस्त्रीनं न विचारताच दुसरी सब्बल घेतली. तीन घरं पडली. माणसं बघत उभी. भिंत पडताना आवाजसुद्धा नीट होत नव्हता, नुसता फस्स आणि धुरळा. वस्तीतला एक पोरगा मात्र मागून ओरडला, "कुणाकडून खाल्लं, भाऊ? भट्टीवाल्याकडून?" भाऊंनी वळून पाहिलं नाही. पण त्यांची मान अशी ताठ झाली की मला माझीच मान दुखल्यासारखी झाली.

चौथं घर गिरजामावशींचं. त्या दारात उभ्या. दोन्ही हात दोन्हीकडच्या भिंतींवर.

"येकदा लोकांनी जाळलं," त्या म्हणाल्या. ओरडून नाही, एकदम सपाट आवाजात. "आता तू पाडायलास. लाव हात. लावून बग."

तेवढ्यात मोटारसायकलचा आवाज. मारोतराव. त्यांना कुणी कळवलं देव जाणे. गाडीवर बसूनच म्हणाले, "काय उत्तमराव! राखंचं घर राखंला मिळालं म्हणायचं!" मग लोकांकडं बघून, "आपल्याकडं भाजलेली ईट हाय. या कवा बी. आन मावशी, तुमी हटू नका. घरकुल सरकारचं हाय, ह्याच्या बापाचं न्हाई."

लोकांत कुजबुज सुरू झाली. आता कुणीतरी भाऊंच्या अंगावर जाणार, की मारोतरावांच्या, मला कळेना. आणि एकदा हात उठला असता तर ते विटांपुरतं राहिलं नसतं. त्या वर्षांत नाहीच राहायचं. मी त्याच मालकांची भाडेकरू, आणि उभी होते ती वस्तीत!

भाऊंनी सब्बल जमिनीवर ठेवली.

"बरं मावशी. न्हाई पाडत. भिताड तुमचं हाय." थांबले, दम घेतला. "पण ह्या पाऊसकाळात इथं मी ऱ्हातो. तुमी नातवंडं घिऊन माझ्या घरात जा. सुले, वळकटी आण. पोरींना बी आण."

वहिनींनी जे पाहिलं त्यांच्याकडं! मला वाटलं त्या तिथंच त्यांना काहीतरी बोलणार. पण त्या वळल्या आणि गेल्या. केवढा वेळ गेला कुणास ठाऊक. मारोतरावांनीही गाडी बंद केली. वहिनी आल्या तेव्हा डोक्यावर वळकटी, कडेवर धाकटी, आणि थोरलीचा हात हातात. चेहरा तापलेल्या तव्यासारखा. नवऱ्याकडं एकदाही न बघता त्या मावशींच्या हाताखालून वाकून आत शिरल्या, भिंतीला लागून सतरंजी टाकली आणि पोरींना म्हणाल्या, "निजा."

धाकटी लगेच आडवी झाली. तिला काय, खेळच. पाय भिंतीला लावले आणि टाचांनी ठोकायला लागली, धप धप. वरून भुरभुर राख पडली. तिच्या केसांत, डोळ्यांत. ती "आई गं" करून डोळे चोळायला लागली, तर आणखी पडली.

मावशी दारातून आत बघत होत्या. त्यांचे भिंतीवरचे हात सुटले.

"ऊठ गं माय. ऊठ." त्यांनी पोरीला उचललं, पदरानं डोळे पुसले, आणि मग भाऊंवर असा आवाज चढवला की बास! "मेल्या! तुजी लेकरं घालायलास व्हय ह्याच्याखाली?"

"तुमची नातवंडं घालायची का मंग?" भाऊ म्हणाले.

मावशींनी पोरगी माझ्याकडं दिली. कासोटा खोचला. वहिनींना म्हणाल्या, "उचल गं तुझी सतरंजी." आणि जमिनीवरची सब्बल उचलून पहिला घाव त्यांनी घातला. स्वतःच्या घरावर. चूल मांडली होती त्याच कोपऱ्यापासून.

मारोतराव बराच वेळ गाडीवर तसेच बसून होते, मग किक मारली आणि गेले. त्या दिवशी घरी जेवताना त्यांनी नामांतराचा विषय काढला नाही. कशाचाच काढला नाही.

दुसऱ्या दिवशी झुंबरशेठ आले. पांढरी गाडी, पांढरे कपडे, आणि समोर नुसता करडा ढिगारा. "भाऊ, बांधताय का पाडताय?"

"पाडलं, शेठ. वीट कच्ची निघाली. पाणी पडलं न्हाई तिच्यावर. वीट चांगली हाय, आमची चूक झाली." जसं होतं तसं सांगितलं. मी मनातल्या मनात हात जोडून उभी होते, की आता शेठ पाठीवर थाप मारतील, म्हणतील, असा खरा माणूस पाहिजे मला! कथेत असंच होतं ना? शेठ म्हणाले, "बरं." गाडीत बसले. गोदाम भाजलेल्या विटेत झालं. सेलू गेलं ते गेलंच.

जुने कूड घरकुलांसाठी आधीच मोडलेले, म्हणून तो पावसाळा नऊ कुटुंबांनी आमच्या शाळेच्या व्हरांड्यात काढला. त्यांचे टोमणे भाऊंना रोज ऐकायला लागायचे, "काय भाऊ, राख भिजली का आज?" आणि भाऊ रोज तिथून जायचे, रस्ता बदलून नाही. आवारात पुन्हा पहिल्यापासून विटा. ह्यावेळी मात्र त्यांनी सगळ्यांना गोल बसवलं. एक वीट झाकून ठेवलेली, एक पाण्यात मुरलेली, दोन्ही सगळ्यांच्या हातात दिल्या, फोडायला लावल्या. मावशींनी तर मुरलेली वीट दगडावर तीनदा आपटली आणि म्हणाल्या, "आधी सांगाया तोंड दुकत व्हतं काय?" सगळे हसले. भाऊ सगळ्यांत शेवटी हसले.

दिवाळी झाली आणि घरं उभी राहिली. माझी बदली परभणीला झाली. निघायच्या दिवशी बस यायला वेळ होता म्हणून ट्रंक स्टँडवर मिस्त्रीच्या पोराला सांभाळायला देऊन मी वस्तीत निरोप घ्यायला गेले. लांबूनच मावशींच्या घरातून ठाक ठाक आवाज, आणि मावशींचं ओरडणं.

"ये इकडं! बग काय करून ठिवलंस! बाबासायेब टांगायचेत मला, आन खिळा शिरंना तुझ्या भिताडात! तीन वाकले!"

हाक ऐकून समोरून येणारे भाऊ आत गेले. मीही मागोमाग. मावशी हातोडी घेऊन स्टुलावर, फोटो नातवाच्या छातीशी, आणि जमिनीवर तीन वाकडे खिळे. भाऊंनी हातोडी घेतली, चौथा खिळा भिंतीला लावला आणि दणका घातला. खिळा वाकला. भिंतीवर नुसता एक पांढरा ठिपका.

भाऊंनी त्या ठिपक्यावर अंगठा फिरवला. आणि तिथंच, उंबऱ्यावर मटकन बसून असे हसायला लागले की त्यांना थांबताच येईना. डोळ्यांतून पाणी, खोकला, पुन्हा हसू. मावशी वरून शिव्या घालतायत, "हसतोस काय! म्या टांगू कुठं?" आणि हा माणूस गुडघ्यांत डोकं घालून हसतोय.

तिकडं बसचा हॉर्न वाजला. मी पळाले. नीट निरोपसुद्धा घेतला नाही. गाडी वस्तीजवळून वळली तेव्हा खिडकीतून पाहिलं, तर भाऊ रस्त्यावर आले होते. रस्त्यानं येणाऱ्या जाणाऱ्याला, सायकलवाल्याला, बैलगाडीवाल्याला, थांबवून थांबवून ते हातातला वाकडा खिळा दाखवत होते.